काटकसर आणि वेग

जुनें तें सोनें असें मानणारा एक पक्ष जगांत आहे, आणि नवें तेवढें चांगलें असें मानणारा दुसरा. मोटारीच्या बाबतींत हे दोन्ही पक्ष आपला निकाल फार लवकर देऊन मोकळे होतात. जुन्या मोटारीचा भक्त तिचे गोल दिवे आणि तारांचीं चाकें पाहून गहिंवरतो. नव्या मोटारीचा भक्त तिच्या वेगाचा आंकडा सांगतो आणि वाद मिटला असें समजतो. परंतु दोन यंत्रांची तुलना न्यायानें व्हावयाची असेल, तर आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे. हें यंत्र कोणासाठीं, आणि कोणती अडचण दूर करण्यासाठीं जन्मास आलें? अडकित्त्याची आणि तरवारीची तुलना केवळ धारेवरून करतां येत नाहीं. ती कामावरून करावी लागते.

ह्या कसोटीस लावून पाहण्यासाठीं दोन मोटारी फार सोयीच्या आहेत. पहिली १९२२ सालची ऑस्टिन सेव्हन. हिला लोक कौतुकानें 'बेबी ऑस्टिन' म्हणत, आणि युद्धापूर्वींच्या मुंबईसारख्या शहरांतही हें नांव परिचयाचें होतें. दुसरी २०२३ सालीं बाजारांत आलेली मॅक्लारेन ७५० एस. दोन्ही इंग्लंडांतच तयार झालेल्या. पहिली काटकसरी कुटुंबाची, दुसरी वेगाच्या शौकिनाची. दोहोंमध्यें एका शतकाचें अंतर आहे, आणि प्रथमदर्शनीं चार चाकें व पेट्रोल ह्यांखेरीज त्यांच्यांत कांहींच साम्य दिसत नाहीं. वस्तुतः त्यांचें नातें फार जवळचें आहे, आणि तें कळलें म्हणजे तुलनेचा रंगच पालटतो. परंतु नात्याकडे वळण्यापूर्वीं प्रत्येकीची स्वतंत्र ओळख करून घेणें इष्ट होय.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत व्यापार मंदावला. बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज येथें सर हर्बर्ट ऑस्टिन ह्यांचा मोटारींचा मोठा कारखाना होता. युद्ध संपतांच त्यांनीं एकाच मोठ्या, वीस अश्वशक्तीच्या मोटारीवर सारी भिस्त ठेवली. ती भिस्त फसली, आणि १९२१ सालीं कंपनीचा कारभार सावकारांच्या हितासाठीं नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला. त्याच वर्षाच्या आरंभापासून सरकारनें मोटारींवर नवा कर बसविला होता : दर अश्वशक्तीस वर्षाला एक पौंड. ही अश्वशक्ति एंजिन चालवून मोजलेली नव्हती. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास ह्यांवरून सूत्रानें काढलेली ती कागदावरची अश्वशक्ति होती. मोठ्या मोटारीच्या मालकास हा कर जाचूं लागला. सामान्य पगारदारास तर मोटार हें स्वप्नच होतें. तो मोटारसायकलला साइडकार जोडी, तींत पत्नीला व मुलाला बसवी, आणि इंग्लंडच्या पावसांत भिजत आठवड्याची सहल पार पाडी.

ऑस्टिन ह्यांची नजर नेमकी ह्या भिजणाऱ्या कुटुंबावर गेली. साइडकारसकट मोटारसायकल जेवढी जागा अडविते तेवढ्याच जागेंत मावणारी, तिच्याच ऐपतीच्या माणसास परवडणारी, पण डोक्यावर छप्पर असलेली खरीखुरी मोटार त्यांना हवी होती. कंपनीच्या संचालकांना ही कल्पना रुचली नाहीं. तेव्हां ऑस्टिन ह्यांनीं कारखान्यांत आराखडे काढणाऱ्या स्टॅन्ली एज नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या घरीं कामास बोलाविलें, आणि बिलिअर्ड खेळण्याच्या खोलींत बसून दोघांनीं मोटारीचा आराखडा सिद्ध केला. खर्च ऑस्टिन ह्यांनीं पदरचा केला. मोबदला म्हणून विकल्या जाणाऱ्या दर मोटारीमागें दोन गिनी त्यांना मिळावयाच्या होत्या. १९२२ च्या जुलै महिन्यांत ही मोटार लोकांपुढें आली. किंमत १६५ पौंड. करापुरती तिची अश्वशक्ति सातांहून थोडी वर भरे, म्हणून नांव 'सेव्हन', अर्थात् सात.

ह्या मोटारीचें वजन सुमारें ३६० किलोग्रॅम होतें. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १ मीटर ९० सेंटिमीटर, आणि डाव्याउजव्या चाकांमधील अंतर जेमतेम एक मीटर. एंजिन आरंभीं ६९६ घनसेंटिमीटरचें होतें, तें १९२३ पासून ७४७ घनसेंटिमीटरचें झालें. कर व्यासावर होता, लांबीवर नव्हता. म्हणून सिलिंडर अरुंद व उंच, ५६ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर चालीचा. प्रत्यक्षांत तें सुमारें १० अश्वशक्ति देई, आणि मोटार ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाई.

आंकड्यांपेक्षां त्यामागील विचार अधिक लक्षांत घेण्यासारखा आहे. एंजिन थंड ठेवणारें पाणी फिरविण्यास पंप नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि थंड पाणी त्याची जागा घेतें, ह्या निसर्गनियमावरच काम भागविलें होतें. आरंभीच्या मोटारींत पेट्रोल आणण्यासही पंप नव्हता. टाकी एंजिनाच्या बाजूस उंचावर बसविलेली असे आणि पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं उतरे. सांगाडा म्हणजे पुढच्या टोकाशीं जवळ येणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, इंग्रजी 'ए' अक्षरासारख्या. एंजिनाचा मुख्य दांडा दोनच ठिकाणीं पेललेला होता. जें काम गुरुत्वाकर्षण फुकट करतें त्यासाठीं पैसे खर्चावयाचे नाहींत, आणि जो भाग नसला तरी चालतो तो ठेवावयाचा नाहीं, असा हा हिशेब होता.

परंतु ही काटकसर आंधळी नव्हती. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीची स्वस्त मोटार दोन सिलिंडरांच्या, हवेनें थंड होणाऱ्या, खडखडणाऱ्या एंजिनावर चाले. ऑस्टिन ह्यांनीं मात्र चार सिलिंडर, पाण्यानें थंड होणारें एंजिन आणि चारही चाकांना ब्रेक दिले. चारही चाकांना ब्रेक ही त्या काळीं महागड्या मोटारींतही दुर्मिळ गोष्ट होती. त्यामुळें ही मोटार म्हणजे छप्पर घातलेली मोटारसायकल न होतां मोठ्या मोटारीची छोटी आवृत्ति झाली. तींत बसणाऱ्यास ओशाळल्यासारखें वाटत नसे. १९३९ पर्यंत अशा सुमारें २ लाख ९० हजार मोटारी तयार झाल्या, ह्यांतच त्या हिशेबाचें यश दिसून येतें.

आतां शंभर वर्षें ओलांडून मॅक्लारेनकडे यावें. हिचा मुख्य सांगाडा लोखंडाचा नाहीं. कार्बनचे बारीक तंतु राळेंत घट्ट बसवून केलेली ती एकसंध कोठी आहे, पोलादाहून कितीतरी हलकी आणि तरीही अत्यंत ताठ. बसण्यास जागा दोघांनाच. त्यांच्या पाठीमागें आठ सिलिंडरांचें, ३९९४ घनसेंटिमीटरचें एंजिन. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे दोन पंखे बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरतात, त्यामुळें त्याच सिलिंडरांत अधिक पेट्रोल जाळतां येतें. शक्ति ७५० अश्वशक्ति. सात गिअर आहेत, आणि ते बदलण्यास पायाखालीं क्लच नाहीं. तें काम यंत्र स्वतःच करतें. वेगांत असतांना ब्रेक दाबला कीं पाठीवरचा पंख उभा राहतो आणि हवेलाच ब्रेक करून घेतो. वजन, तेलपाण्यासह, सुमारें १३९० किलोग्रॅम. कमाल वेग ताशी ३३२ किलोमीटर.

उभ्या स्थितींतून ताशी १०० किलोमीटर वेग गांठण्यास तिला २.८ सेकंद लागतात. ह्या आंकड्याचा अर्थ ध्यानांत येण्यासाठीं एक सोपा पडताळा आहे. उंचावरून सोडलेला दगड खालीं पडूं लागला कीं, हवेचा अडथळा सोडून दिल्यास, त्यासही ताशी १०० किलोमीटर वेग येण्यास २.८ सेकंदच लागतात. म्हणजे पृथ्वी वस्तूला ज्या ओढीनें खालीं खेचते, त्याच ओढीनें ही मोटार आपल्या मालकास पुढें खेचते. बेबी ऑस्टिनच्या मालकास ताशी १०० किलोमीटर हा वेग कधींच पाहावयास मिळत नसे.

येथें अंकगणिताचा एक मनोरंजक प्रश्न उभा राहतो. ऑस्टिनची शक्ति १०, मॅक्लारेनची ७५०. म्हणजे ७५ पट. त्रैराशिकाच्या नियमानें वेगही ७५ पट व्हावयास हवा. प्रत्यक्षांत तो ८० वरून ३३२ वर, म्हणजे चौपटीहून थोडासाच अधिक गेला. उरलेली शक्ति कोठें गेली?

ती वाऱ्यावर गेली, असें म्हटल्यास तें शब्दशः खरें आहे. मोटारीचा वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध दुप्पट होत नाहीं, तो चौपट होतो. शिवाय तो चौपट विरोध दर सेकंदास दुप्पट अंतर रेटीत न्यावा लागतो. म्हणून लागणारी शक्ति दुप्पट नव्हे, चौपट नव्हे, तर आठपट होते. ह्याच हिशेबानें वेग चौपट करावयाचा तर चार गुणिलें चार गुणिलें चार, म्हणजे ६४ पट शक्ति हवी. चौपटीहून थोडा अधिक हवा असल्यास सुमारें ७० पट. दोन्ही मोटारींचे आकार निराळे असल्यानें हें गणित काटेकोर नव्हे, परंतु ७५ ह्या आंकड्याच्या इतक्या जवळ तें जाऊन पोंचतें कीं त्यांतील मर्म सहज कळावें. वेग सरळ भावानें विकत मिळत नाहीं. त्याचा प्रत्येक पुढचा घांस मागच्यापेक्षां महाग पडत जातो.

थांबण्याचा हिशेबही असाच आहे. धांवत्या वस्तूंतील ऊर्जा वजनाच्या पटीनें आणि वेगाच्या वर्गाच्या पटीनें वाढते. मॅक्लारेन चौपट जड आणि चौपटीहून अधिक वेगवान् असल्यामुळें, दोघी आपापल्या कमाल वेगानें धांवत असतां मॅक्लारेनच्या ब्रेकांना ऑस्टिनच्या सुमारें ६५ पट ऊर्जा गिळावी लागते. तिला कार्बन व मातीच्या भांड्यांच्या जातीच्या द्रव्यापासून केलेल्या, तापूनही न कचरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या दिल्या आहेत त्या ह्यासाठीं.

ह्यावरून जुनी मोटार सर्वस्वीं शहाणी आणि नवी उधळी, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. ऑस्टिनला चारही चाकांना ब्रेक होते हें खरें. पण १९३० पर्यंत पायानें दाबावयाचा ब्रेक मागच्या चाकांवर आणि हातानें ओढावयाचा पुढच्या चाकांवर काम करी, आणि दोन्ही तारांनीं ओढले जात. ते किती धरतील हें चालविणाऱ्यानें अनुभवानेंच ओळखावयाचें. क्लचची चाल इतकी अल्प होती कीं नवशिक्याच्या पायाखालीं मोटार बेडकासारखी उडी घेई. बसणाऱ्यास बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. त्या मोटारीनें ताशी पन्नास किलोमीटर वेगांत एखादें झाड गांठलें तर आंतील माणसांचें जें होईल, तें मॅक्लारेनमधील माणसांचें त्याच वेगांत होणार नाहीं.

पेट्रोलच्या बाबतींतही नव्या एंजिनाचें कर्तृत्व मान्य केलें पाहिजे. ऑस्टिन एका लिटरमध्यें सुमारें १५ किलोमीटर जाई. मॅक्लारेन बेतानें चालविली तर सुमारें ८ किलोमीटर जाते. पंचाहत्तर पट शक्तीची मोटार केवळ दुप्पट पेट्रोल मागते, ही लहान गोष्ट नव्हे. ऑस्टिनच्या एंजिनांतून एका लिटर आकारमानामागें सुमारें १३ अश्वशक्ति निघत, मॅक्लारेनच्या एंजिनांतून सुमारें १८८ निघतात. धातु, इंधन आणि हवा ह्यांविषयींचें एका शतकाचें ज्ञान ह्या दोन आंकड्यांमध्यें साठलेलें आहे.

तथापि त्या शक्तीचा उपयोग कोठें करावयाचा, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडांत मोठ्या हमरस्त्यांवर १९६५ पासून ताशी ७० मैल, म्हणजे सुमारें ११२ किलोमीटर, ही मर्यादा आहे. मॅक्लारेनचें भारतांतील पहिलें विक्रीकेंद्र २०२२ सालीं मुंबईंत उघडलें. पण मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या सपाट भागांतही हलक्या मोटारीस ताशी १०० किलोमीटरचीच मुभा आहे. पांच कोटी रुपयांहून अधिक किंमत देऊन घेतलेल्या वेगांतील सुमारें दोन तृतीयांश भाग मालकानें कुलुपांत ठेवावयाचा आहे. येथें कोणी असें विचारील कीं ऑस्टिनची गोष्ट निराळी होती काय? १९२२ सालीं इंग्लंडांत कायद्याची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारें ३२ किलोमीटर होती, आणि बेबी ऑस्टिन तिच्या अडीचपट धांवे. हा आक्षेप खरा आहे. फरक इतकाच कीं ऑस्टिनच्या बाबतींत कायदा मागें पडला होता आणि १९३० सालीं तो बदलला. मॅक्लारेनच्या बाबतींत माणसाची दृष्टि, त्याचे स्नायु आणि रस्त्यावरून चालणारा दुसरा माणूस हेच मर्यादा घालतात, आणि ह्यांत बदल होण्याचा संभव नाहीं.

हा शाब्दिक वाद नव्हे. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांतील दहांपैकीं सात मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदलें गेलें. हे मृत्यु शर्यती मोटारींनीं घडविले असें नाहीं. परंतु वेगाचा आंकडा म्हणजेच मोटारीची योग्यता, ही समजूत ज्या घरांत मुलांच्या मनांत रुजते, त्या घरांतील साध्या दुचाकीलाही तिचा उपसर्ग पोंचतो. ज्याला वेगाचा मोह आहे त्यानें तो बंद आखाड्यांत, शर्यतीच्या मार्गावर पुरवावा; तेथें मॅक्लारेनसारखी मोटार खरोखर आपल्या घरीं असते.

आतां आरंभीं सूचित केलेलें नातें सांगण्याची वेळ आली आहे. शर्यती मोटार ही श्रीमंतीची कन्या आणि बेबी ऑस्टिन ही गरिबीची, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास निराळें सांगतो.

हर्बर्ट ऑस्टिन ह्यांची ही मोटार बाजारांत येतांच तरुणांनीं तिच्यावरचे जड पत्रे उतरवून तिला शर्यतींत धांवडविण्यास सुरुवात केली. १९२९ सालीं अल्स्टर येथील शर्यतींत तिनें तिसरा व चौथा क्रमांक मिळविला, आणि त्या पराक्रमावरून तिच्या एका खास प्रकारास 'अल्स्टर' हेंच नांव मिळालें. पुढच्या वर्षीं ब्रुकलंड्स येथें, लहान एंजिनांना योग्य ती सवलत देणाऱ्या ५०० मैलांच्या शर्यतींत, ही मोटार ताशी सुमारें १३४ किलोमीटरच्या सरासरीनें धांवून पहिली आली.

ह्याहून महत्त्वाचा तो तिचा वंशविस्तार. ब्लॅकपूल येथें साइडकार तयार करणाऱ्या विल्यम लायन्स ह्यांनीं १९२७ सालीं ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपला डौलदार सांटा चढविला. त्या लहानशा उद्योगांतून पुढें जग्वार कंपनी उदयास आली. जर्मनींत आयसेनाख येथील कारखाना परवाना घेऊन हीच मोटार 'डिक्सी' नांवानें तयार करी. तो कारखाना १९२८ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें घेतला, आणि मोटारींच्या धंद्यांत तिचें पहिलें पाऊल ह्या ऑस्टिनच्याच रूपानें पडलें. १९४८ सालीं लंडनमधील कॉलिन चॅपमन नांवाच्या विद्यार्थ्यानें एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून तिच्यापासून आपली पहिली मोटार घडविली. लोटस हें शर्यतींतील विख्यात नांव तेथून सुरू झालें.

आणि न्यूझीलंडांत ऑकलंड शहरीं एका गॅरेजवाल्याचा मुलगा होता. लहानपणीं खुब्याच्या हाडाच्या विकारामुळें त्याला दीर्घकाळ रुग्णशय्येवर काढावा लागला, आणि त्याचा एक पाय आंखूड राहिला. वडिलांच्या गॅरेजमध्यें जुनी, मोडकळीस आलेली ऑस्टिन अल्स्टर आली. ती दुरुस्त झाली, आणि १९५२ सालीं ह्या पोरवयाच्या मुलानें डोंगराच्या चढणीवरील स्पर्धेंत ती चालविली. त्या मुलाचें नांव ब्रूस मॅक्लारेन. १९५९ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें जागतिक दर्जाची मोठी शर्यत जिंकली. १९६३ सालीं त्यानें स्वतःच्या नांवाची संस्था काढली, आणि १९६८ सालीं बेल्जियमच्या शर्यतींत आपल्याच नांवाच्या मोटारीनें विजय मिळविला. १९७० सालीं इंग्लंडांत गुडवुड येथें नवी शर्यती मोटार तपासून पाहत असतां अपघातानें त्याचा अंत झाला. त्याचें वय तेव्हां बत्तीस होतें. संस्था मात्र टिकली, आणि ७५० अश्वशक्तीची ही मोटार तिच्याच परंपरेंतील होय. ती जुनी ऑस्टिन पुढें जतन करण्यांत आली आणि वोकिंग येथील मॅक्लारेनच्या केंद्रांत मानानें मांडण्यांत आली.

एकाच काटकसरी मोटारीच्या पोटीं इतक्या वेगवान् मोटारी कशा निपजल्या? कारण ती स्वस्त होती, हलकी होती, आणि सर्वांत मुख्य म्हणजे समजण्याजोगी होती. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे, पान्यानें सुटे आणि पुन्हां बसवितां येई. चुकीचा बसविला तर मोटार चालत नसे, आणि कां चालत नाहीं हें विचार केल्यास उमगे. चॅपमनसारख्या विद्यार्थ्यास किंवा मॅक्लारेनसारख्या पोरास ती मोटार म्हणजे चालतीबोलती शाळा होती. अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एजच्या हातून ज्या मोटारीचे आराखडे उतरले, ती मोटार पुढच्या पिढीच्या अठरा वर्षांच्या मुलांना समजावी, ह्यांत नवल नाहीं. मॅक्लारेन ७५० एस चें झांकण उघडून पाहिल्यास ज्ञानाची सीमा दिसेल, पण तेथें हात घालण्याची सोय नाहीं. तिच्या बिघाडाचें निदानही संगणक जोडूनच करावें लागतें. ती पाहून मुलगा स्तिमित होईल. ऑस्टिन पाहून तो पाना हातीं घेई.

ह्या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. २००८ च्या जानेवारींत टाटा मोटर्स कंपनीनें 'नॅनो' ही ६२४ घनसेंटिमीटरची छोटी मोटार लोकांपुढें ठेवली. स्कूटरवर भिजत जाणारें चौघांचें कुटुंब पाहून रतन टाटा ह्यांना ती सुचली होती. इंग्लंडच्या साइडकारमधील कुटुंबाचीच ही भारतीय आवृत्ति. त्याच वर्षीं त्याच कंपनीनें जग्वार विकत घेतली, म्हणजे ऑस्टिनच्या वंशांतील एक वेगवान् शाखा मुंबईच्या मालकीची झाली. पुढें नॅनोचें उत्पादन २०१८ सालीं थांबलें. त्याचीं कारणें अनेक सांगतात. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्काच तिला भोंवला, असें पुष्कळांचें मत आहे. तें खरें धरल्यास ऑस्टिनची आठवण उद्बोधक ठरते. ऑस्टिनही स्वस्त होती, पण तिची ओळख 'मोठ्या मोटारीची छोटी बहीण' अशी झाली. काटकसर माणसास मान्य असते. कमीपणा मान्य नसतो.

तुलनेचा निकाल मग काय? मानवी बुद्धि आणि धातु ह्यांची मजल कोठवर जाते हें मॅक्लारेन दाखविते, आणि त्याबद्दल तिचा आदरच केला पाहिजे. परंतु त्या मजलेचा पहिला मुक्काम ज्या साध्या, उघड्या आणि परवडणाऱ्या यंत्राजवळ झाला, तें यंत्र नसतें तर हा प्रवास सुरूच झाला नसता. ज्या देशाला उत्तम मोटारी हव्या असतील त्यानें आपल्या मुलांच्या हातीं आधीं साधी मोटार द्यावी, आणि तीही चालविण्यास नव्हे, उघडण्यास.

तशी सोय अगदींच नाहीं असें नव्हे. २००७ पासून भारतांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीं 'बाहा' नांवाची स्पर्धा भरत आली आहे. तींत मुलांनीं खडबडीत जमिनीवर धांवणारी एका माणसाची मोटार स्वतः आंखून, स्वतः सांधून आणावयाची असते; महाराष्ट्रांतील महाविद्यालयांचे अनेक चमू तींत उतरत आले आहेत. तिच्या कांहीं स्पर्धांत सर्वांना एकच एंजिन ठरवून दिलेलें असे. त्याची शक्ति होती १० अश्वशक्ति, बेबी ऑस्टिनइतकीच.